ड्युटी रजिस्टर उघडले की हात घामेजतात: हा आजार की अपराधीपणा?

ऐरोलीची सिस्टर:
मी ठाण्यातील एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागाची इन्चार्ज सिस्टर आहे. दुसऱ्या लाटेत, म्हणजे एप्रिल-मे २०२१ मध्ये, कोविड आयसीयूच्या ड्युट्या मीच लावत असे. एका नव्या मुलीने ‘सिस्टर, सलग सातवी नाइट नको’ अशी विनवणी केली होती, परंतु माणसेच नसल्यामुळे पेन्सिलने लिहिलेले तिचे नाव मी पेनने गिरवले. आठवडाभरात ती पॉझिटिव्ह आली. बरी झाली, पण नर्सिंगमध्ये परतली नाही. आजही महिनाअखेरीस ड्युटी रजिस्टर समोर घेतले की माझे हात घामेजतात, आणि घरी मायक्रोवेव्हची बीप वाजली तरी मी ताडकन उठून उभी राहते. रुग्णालयाने आमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला व ताणमुक्तीवर तासाभराचे व्याख्यान ठेवले. त्यानंतर हा विषय कोणी काढला नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्यास ते ऑफिसपर्यंत पोहोचेल का, हीही भीती आहे.

भूलतज्ज्ञ, घोडबंदर रोड:
सिस्टर, तुम्ही एकट्या नाही. इंग्लंडमधील नऊ अतिदक्षता विभागांतील ७०९ कर्मचाऱ्यांची पाहणी नील ग्रीनबर्ग व सहकाऱ्यांनी जून-जुलै २०२० मध्ये केली, तेव्हा सुमारे ४० टक्के जणांच्या उत्तरांत आघातोत्तर तणावाची, म्हणजे पीटीएसडीची, लक्षणे निकषापलीकडे गेलेली आढळली. जगण्यापेक्षा मेलेले बरे किंवा स्वतःला इजा करावी असे विचार १३ टक्क्यांच्या मनात येऊन गेले होते, आणि परिचारिकांची स्थिती डॉक्टरांपेक्षा वाईट होती. ही प्रश्नावलीतून आलेली उत्तरे आहेत, तज्ज्ञांनी तपासून केलेली निदाने नव्हेत. ती ठाण्याला जशीच्या तशी लावता येणार नाहीत. तरीही परिचारिकांविषयीच्या निष्कर्षाचे मला नवल वाटले नाही. आम्ही राउंड घेऊन बाहेर पडत होतो. पीपीई किट घालून खाटेशी तुम्ही थांबत होतात.

तुमच्या लिहिण्यात मला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. बीप ऐकून दचकणे हे भीतीचे लक्षण आहे. गिरवलेल्या नावाचा सल मात्र वेगळा आहे; आपल्याच मूल्यांविरुद्ध वागावे लागल्याने होणाऱ्या अशा इजेला ‘नैतिक जखम’ म्हणतात आणि ही कल्पना मुळात युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवांतून पुढे आली. ते स्वतंत्र आजाराचे नाव नाही. ‘तुमचा नाइलाज होता’ एवढे ऐकून ती भरून येत नाही, म्हणून मी ते म्हणणार नाही.

मानसोपचार विभागातील एक:
लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकून कामात वा झोपेत अडथळा आणत असतील तर तपासणी करून घ्यावीच. येथे तर वर्षे लोटली आहेत. आघातावर केंद्रित असलेली मानसोपचार पद्धती यात गुणकारी ठरते. नुसत्या झोपेच्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत. घटनेनंतर सर्वांना एकदाच बसवून ती उगाळायला लावणाऱ्या सत्रांनी पीटीएसडी टळत नाही, हेही आता मान्य झाले आहे. व्याख्यानाने तर काय साधणार?

ऑफिसविषयी: मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांची गोपनीयता हा तुमचा हक्क आहे, त्यामुळे तुमच्या संमतीविना डॉक्टर ही माहिती मालकाला कळवू शकत नाहीत. आपल्याच रुग्णालयात दाखवणे मात्र टाळा, कारण केसपेपर कोणाच्या हाती पडेल ते सांगता येत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते. (‘ठाण्याला पाठवा’ हा विनोद ऐकत मोठी झालेली आपली पिढी तिथल्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीची पायरी चढायला कचरते, हे मी रोज पाहतो.)

नेरुळहून, माजी स्टाफ नर्स:
ताई, मी त्या मुलीच्या जागी होते. रुग्णालय दुसरे, लाट तीच. माझा राग माझे नाव लिहिणाऱ्या इन्चार्जवर नव्हता. चौदा दिवस घरात एकटी पडले असताना ‘जॉइन कधी होणार’ एवढेच विचारणारे फोन आले, त्याचा होता. तिला काय वाटते ते मी सांगू शकत नाही, पण तुम्ही इथे लिहिले आहे ते तिला सांगितले आहे का? फोन करायचा तर क्षमा मागून मोकळे होण्यासाठी करू नका. आधी तिची विचारपूस करा आणि ती बोलली नाही तर तेही चालवून घ्या.

ऐरोलीची सिस्टर:
सर्वांचे आभार. नाही, सांगितलेले नाही. क्रमांक अजून फोनमध्ये आहे. रविवारी माझी सुट्टी असते. आधी १४४१६ वर बोलेन, तिला फोन नंतर. या महिन्याचे रजिस्टर लिहिताना सलग चार नाइटच्या पुढे एकीचेही नाव घातले नाही आणि दोन रकाने रिकामे राहिले, ते तसेच ठेवून ‘कर्मचारी उपलब्ध नाहीत’ असा शेरा मारून मेट्रनकडे लेखी पाठवले आहेत.