मुतखडा होऊन गेलेल्या माणसाने घोळ कच्ची खावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या नागपुरात उन्हाळा लागला की घरोघरी चिवळ ही बारीक पानांची पालेभाजी होते. घोळ ही तिचीच मोठ्या, मांसल पानांची बहीण. आई तिची मुगाची डाळ घालून भाजी करते. यंदा मात्र बहिणीने सांगितलं की लेबनॉनमध्ये फत्तूश नावाच्या सॅलडात ही कच्चीच घालतात, तुर्कस्तानात दही-लसणात कालवतात. आम्हीही दह्यातली कोशिंबीर केली. आंबटसर, कुरकुरीत लागते. बाबांना इतकी आवडली की आता रोज वाटीभर लागते.

आनंदच आहे, कारण आम्ही शाकाहारी. ताज्या १०० ग्रॅम घोळीत साधारण ३०० ते ४०० मिलिग्रॅम ओमेगा-३ असतं, पालेभाजीसाठी हे फार झालं. (माशांतलं ओमेगा-३ वेगळं, आणि घोळीतल्याचं शरीरात त्यात रूपांतर थोडंच होतं, हे ठाऊक आहे.) शिवाय मॅग्नेशियम, पोटॅशियम, क जीवनसत्त्व, आणि उष्मांक जेमतेम २०.

काळजी अशी की बाबांना दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता, कॅल्शियम ऑक्झलेटचा (ऑक्झलेट म्हणजे काही पालेभाज्यांत असणारा घटक, तो लघवीत कॅल्शियमशी जुळला की असा खडा बनतो). डॉक्टरांनी पालक बंद केला. घोळीत ऑक्झलेट पालकाइतकंच, कधी त्याहून जास्त असतं, हे मला कालच कळलं. तेव्हापासून वाटी पुढे करताना हात थांबतो. उकळून पाणी फेकलं तर ऑक्झलेट कमी होतं, पण क जीवनसत्त्वही त्या पाण्यासोबत जातं. दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं, म्हणून दह्यासोबत खाल्लेली बरी असंही वाचलं. पण रोज वाटीभर खाणाऱ्याला तेवढं पुरेल का?

घरात कुणाला असा खडा होऊन गेला असेल आणि तरी घोळ किंवा चिवळ चालू असेल, तर किती आणि कशी खाता? आहारतज्ज्ञांनी काय सांगितलं? कुणी मूत्ररोगतज्ज्ञ इथे असतील तर फारच बरं. बाबांची तपासणी पंधरा दिवसांनी आहे, तोवर कोशिंबीर बंद ठेवली आहे. ते रोज विचारतात.

आणखी एक. पहाटे खुडलेली घोळ जास्त आंबट लागते, कारण पाण्याचा ताण पडला की हे झाड रात्री पानांत मॅलिक आम्ल साठवतं. संध्याकाळी खुडली तर आंबटपणा कमी होतो, पण ऑक्झलेटही कमी होतं का?

रानातून आणणाऱ्यांनी देठ मोडून बघा. दुधासारखा चीक आला तर ती घोळ नव्हे, खाऊ नका.