अर्धी गोळी आणि पांढऱ्या पेशी

मेघना: काल वैभव यांनी लिहिलं, "अँटीबायोटिक जंतूला लुळं करतं, मारतात आपल्या पांढऱ्या पेशी. मग अर्धा डोसही पुरतो." तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. माझ्या वडिलांनी लघवीच्या इन्फेक्शनला हेच केलं. पाचशेची गोळी सुरीने अर्धी करून घ्यायचे. दोन दिवसांत जळजळ थांबली, उरलेल्या गोळ्या डब्यात. तीन आठवड्यांनी थंडी वाजून ताप. कल्चर रिपोर्ट अजून फाइलीत आहे: एकाखाली एक 'आर' (म्हणजे रेझिस्टंट, जंतूवर चालत नाही असं औषध), तळाशी दोनच 'एस' (सेन्सिटिव्ह, चालणारं), दोन्ही शिरेतून द्यायची इंजेक्शनं. कृपा करून असलं लिहू नका.

वैभव: ताई, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण तो जंतू आधीपासूनच तसा असेल, हे पहिल्या वेळच्या कल्चरशिवाय कोण सांगणार? मी लॅबमध्ये रोज जंतूंच्या प्लेटवर औषधाची डिस्क ठेवतो, दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ मोजतो. त्या प्लेटमध्ये एकही पांढरी पेशी नसते, म्हणजे शरीराची मदत त्यात धरलेलीच नसते. औषधाचा मार खाल्लेला जंतू न्यूट्रोफिलच्या (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या) हाती लवकर मरतो, हे १९८०च्या दशकापासून माहीत आहे. अझिथ्रोमायसिन हे अँटीबायोटिक तर या पेशींतच साठतं, रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट, आणि त्याच ते संसर्गाच्या जागी वाहून नेतात. केमोने पांढऱ्या पेशी संपल्या की पूर्ण डोसही कधी कधी हरतो. जपानमध्ये कुडोह या डॉक्टरांनी डिफ्यूज पॅनब्राँकायलायटिसला (फुप्फुसातल्या बारीक नळ्यांच्या जुनाट सुजेला) रोज ४०० ते ६०० मिलिग्रॅम एरिथ्रोमायसिन, म्हणजे कमी डोसचं अँटीबायोटिक, महिनोन्महिने दिलं. मरायला टेकलेली माणसं जगली.

मेघना: जपानचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं! त्यातल्या अनेकांच्या फुप्फुसात स्यूडोमोनास हा जंतू होता आणि तेवढ्या डोसने तो मरत नव्हताच. सूज उतरली, न्यूट्रोफिलची गर्दी हटली, म्हणून माणसं सुधारली. २०११ची सीओपीडीची (फुप्फुसाच्या जुनाट दम्यासारख्या आजाराची) चाचणी बघा: वर्षभर रोज २५० मिलिग्रॅम अझिथ्रोमायसिन. दम उसळणं कमी झालं, पण ऐकू कमी येणारे वाढले, आणि नव्याने येऊन बसलेल्या जंतूंत प्रतिरोधक, म्हणजे औषधाला न जुमानणारे, जास्त निघाले. त्याच वर्षी स्वीडनमधल्या उपसालाच्या संशोधकांना दिसलं, की वाढ थांबवायला लागते त्याच्या २३०व्या भागाइतक्या औषधातही प्रतिरोधक जंतू वरचढ ठरू शकतो.

शिल्पा: अर्ध्या गोळीवर भांडताय, आणि कोंबड्यांना खाद्यातून रोज थोडं थोडं अँटीबायोटिक दिलं जातं त्याचं काय?

दत्ता: आलं आमच्यावर. पाच हजार पक्ष्यांची शेड आहे माझी, करारावर. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधाची चिठ्ठी कंपनीच्या माणसाची. मरतुक वाढली की पैसे माझे कापतात. मी काय टाकतोय हे मलाच सांगत नाहीत आणि तुम्ही शहरातून बोट दाखवता.

वैभव: पण दादा, कॉलिस्टिन हे अँटीबायोटिक कोंबड्या-जनावरांना देणं २०१९ला बंद झालं ते उगाच नाही. आयसीयूमधलं शेवटच्या फळीचं औषध आहे ते. तुम्ही विचारायला हवं होतं.

दत्ता: कुणाला विचारू? विचारलं त्या वेळी पुढची बॅच दीड महिना उशिरा आली. रिकाम्या शेडचा हप्ता तुम्ही भरणार होता?

शिल्पा: दत्तादादा, बोट तुमच्याकडे नव्हतं. चुकीचं लिहिलं गेलं.

मेघना: वैभव, कोंबडीला थोडं थोडं दिलेलं चुकीचं आणि माणसाला अर्धी गोळी चालते, हे दोन्ही एकदम कसं? कोंबडीलाही पांढऱ्या पेशी असतात.

वैभव: ठीक. "अर्धा डोस पुरतो" एवढं वाक्य मागे घेतो. पेशींची मदत खरी आहे, पण तिच्या भरवशावर घरी गोळी कापू नये. मात्र डोस कमी आणि दिवस कमी यांत फरक आहे, हे सोडणार नाही. साध्या न्यूमोनियाला पूर्ण डोसचे पाच दिवस बहुतेकांना पुरतात.

मेघना: ते डॉक्टरांनी ठरवलं तर मान्य. डब्यातल्या गोळ्या बघून नाही.

दत्ता: उद्या गोणीचा फोटो टाकतो. खाद्यात काय आहे ते त्यावर कुठे लिहिलंय, तुम्हीच शोधून दाखवा.