गाणी विकत की फुकट? नेमका तपशील लिहा

गाण्यांना पैसे मोजावेत की नाही, यावर भांडून झालंय. इथे ते नको. विकत घेताना, फुकट उतरवताना, घरच्या कॅसेटीतून काढताना काय करावं लागतं, कुठे अडतं, किती जागा आणि पैसा जातो, तेवढं लिहा. ‘आमच्या काळी’ हे दोन शब्द टाळल्यास आभारी राहीन.

तरफ

सुरुवात ‘३२० केबीपीएस’ या पाटीपासून. हा आकडा म्हणजे आवाजाच्या एका सेकंदाला किती माहिती साठवली ते. यूट्यूबवरून एमपी३ करून देणाऱ्या साइट ही पाटी लावतात. यूट्यूबकडे आवाज असतो तो साधारण १२८ चा एएसी किंवा १६० च्या आसपासचा ओपस (दोन्ही एमपी३सारखेच आवाज दाबून साठवण्याचे प्रकार). त्यातून ३२० ची फाईल बनवणं म्हणजे पातळ ताक मोठ्या पातेल्यात ओतणं. पातेलं मोठं, ताक तेवढंच. वर पुन्हा एकदा दाबल्यामुळे थोडं आणखी जातंच.

तपासायचं असेल तर स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि फाईल त्यात ओढून टाका. गाण्यात किती उंच स्वरांपर्यंत आवाज आहे त्याचं चित्र ते काढतं. चित्र १६ किलोहर्ट्झच्या आसपास कात्रीने कापल्यासारखं सरळ संपलं, तर मूळ फाईल १२८ ची होती. खऱ्या ३२० मध्ये ते साधारण २० पर्यंत जातं. फक्त १९५०-६० च्या गाण्यांना ही कसोटी लावू नका. त्या मुद्रणांत वरचे स्वर मुळातच कमी. तिथे चित्र हळूहळू विरत जातं, कापलेलं दिसत नाही.

जागेचा हिशेब: १२८ ला मिनिटाला सुमारे १ एमबी, ३२० ला २.४, सीडीला १०. फ्लॅक हा फाईलचा प्रकार सीडीच्या निम्म्याच्या थोडं वर, आणि त्यात काही गमावलेलं नसतं.

खिडकी_सीट

मोबाईलच्या दुकानात ‘कार्ड भरून मिळेल’ ही पाटी अजून काही ठिकाणी दिसते. ४ जीबी कार्डात पाच मिनिटांची १२८ वाली आठेकशे गाणी बसतात. कटकट नंतर सुरू होते: कलाकाराच्या जागी साइटचं नाव, अल्बमच्या जागीही तेच, चित्राच्या जागी जाहिरात. गाडीच्या स्टिरिओत ‘कलाकार’ दाबलं की आठशे गाणी एकाच नावाखाली.

उपाय एमपी३टॅग, फाईलमधली ही नावं बदलायचं सॉफ्टवेअर. फोल्डर उघडा, कंट्रोल-ए, डावीकडच्या रकान्यांतला कचरा पुसा, चित्र काढा, सेव्ह करा. सेटिंगमध्ये नावं लिहिण्याची पद्धत म्हणून आयडी३व्ही२.३ आणि यूटीएफ-१६ निवडा, २.४ बऱ्याच जुन्या स्टिरिओंना कळत नाही. एवढं करूनही देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसले तर स्टिरिओत फॉन्टच नाही. मुकाट्याने रोमन लिपीत नावं द्या.

गाणी क्रमाने वाजत नाहीत, हा दुसरा छळ. पुष्कळ स्टिरिओ नाव बघतच नाहीत, फाईल ज्या क्रमाने पेनड्राईव्हवर पडली त्या क्रमाने वाजवतात. पेनड्राईव्ह एफएटी३२ (जुन्या स्टिरिओंना कळणारी मांडणी) मध्ये फॉरमॅट करा, नावाआधी ०१, ०२ घाला, सगळ्या निवडा आणि ओढताना पहिल्या फाईलला धरून ओढा. मधलीच धरली तर विंडोज तिथून कॉपी सुरू करतं. पेनड्राईव्ह ३२ जीबीपेक्षा मोठा असेल तर फॉरमॅटच्या नेहमीच्या खिडकीत एफएटी३२ सापडत नाही, म्हणून लहानच घ्या.

बारा_मात्रा

फुकट साइटवर ‘डाउनलोड’ची चार बटणं असली तर मोठी, हिरवी, चमकणारी ती जाहिरात. फाईलचं नाव पूर्ण दिसेल असं विंडोजमध्ये सेटिंग करा. गाणं एमपी३ किंवा एम४ए असतं. शेवटी ईएक्सई किंवा एपीके आलं की ते गाणं नव्हे, प्रोग्राम. ‘नोटिफिकेशनला परवानगी द्या’ला नाहीच म्हणा. दिली असल्यास क्रोममध्ये साइट सेटिंगमधून काढता येते.

दप्तरी

कायद्याचं थोडं, कारण ‘जुनं आहे म्हणजे फुकट’ हा समज सगळीकडे आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं. म्हणजे १९६० ची तबकडी १ जानेवारी २०२१ ला मोकळी झाली. पण ही फक्त तबकडी. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत राखीव. बाबूजी (सुधीर फडके) २००२ मध्ये गेले, त्यांच्या चाली २०६२ पर्यंत. तुकोबांच्या अभंगावर कुणाचा हक्क नाही, पण त्याला श्रीनिवास खळ्यांनी लावलेली चाल २०७१ पर्यंत राखीव. त्यामुळे जुनी तबकडी ऐकायला मिळाली म्हणून तीच चाल स्वतः गाऊन विकता येत नाही.

जाणूनबुजून उल्लंघन केल्यास कलम ६३: ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड.

झांजपथक

@दप्तरी, मंडपात फोनवरचं गाण्यांचं ॲप लावलं तर? महिन्याचे पैसे भरलेले आहेत.

दप्तरी

ते पैसे स्वतः ऐकण्याचे, चारचौघांत वाजवण्याचे नाहीत. कलम ५२ मध्ये धार्मिक विधी आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सवलत आहे, पण ती कुठपर्यंत ताणायची यावर वाद चालूच आहेत. लग्नात रॉयल्टी लागत नाही असं सांगणारं गोवा सरकारचं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं. कार्यालयवाल्याला परवान्याचं आधीच विचारा, वरात दारात आल्यावर नको.

सव्वा_रुपया

विकत घेण्याचे दोन प्रकार लोक एकत्र करतात. महिन्याचे पैसे भरून ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं गाणं ही कुलूपबंद फाईल; ॲपबाहेर वाजत नाही. स्पॉटिफायला तर ३० दिवसांत एकदा तरी इंटरनेट दाखवावं लागतं. दुसरा प्रकार खरी फाईल विकत घेण्याचा. फ्लिपकार्टचं गाणी विकणारं दुकान फ्लाईट फेब्रुवारी २०१२ ला सुरू झालं आणि जून २०१३ ला बंद पडलं, पण तिथून उतरवलेली एमपी३ आजही वाजते, कारण तिला कुलूप नव्हतं. एअरटेलचं विंक हे गाण्यांचं ॲप २०२४ मध्ये बंद झालं, तिथल्या ‘डाउनलोड’चं तसं नाही.

स्वतंत्र कलाकारांसाठी बँडकॅम्प, गाण्यांच्या फाईली विकणारं परदेशी ऑनलाइन दुकान. आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार चालू करा, मर्यादा हजार-दोन हजार ठेवा, काम झालं की बंद. नव्या कार्डावर हे मुळात बंद असतं आणि ‘कार्ड नाकारलं’ येण्याचं नेहमीचं कारण तेच. बँक साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा घेते, त्यावर जीएसटी. गाणं घेतल्यावर ब्राउझरमधून फ्लॅक उतरवा. त्यांच्या फोन ॲपमध्ये फक्त ऐकता येतं. दुकान १० ते १५ टक्के ठेवतं, पैसे पोचवण्याचं शुल्क वेगळं, बाकी कलाकाराकडे. याउलट स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. नवख्या गायिकेला मदत करायची तर गाणं नुसतं ऐकू नका, एक विकत घ्या.

टेपडेक

फुकट शोधण्याआधी माळा बघा. कॅसेट घरची असेल तर हा मार्ग सगळ्यात स्वच्छ.

आधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा, फितीचे चिकटलेले वेढे सुटतात. मग कॅसेटच्या कडेच्या मधल्या तोंडात बघा: पितळी पट्टीवर लोकरीचा छोटा तुकडा असतो. तो गळला असेल तर आवाज एका बाजूने येतो-जातो. पाच स्क्रूवाली कॅसेट उघडून फीत दुसऱ्या खोक्यात घालता येते. चिकटवलेली असेल तर कडेने जपून फोडावी लागते. डेकचं हेड (फीत वाचणारा भाग) आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि कापसाने पुसा.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नका, तिथे बहुधा एकच वाहिनी येते आणि आवाज फाटतो. लाइन-इन (डेकचा आवाज आत घेणारं भोक) असलेला यूएसबी इंटरफेस घ्या. ऑडॅसिटी या फुकट मुद्रण सॉफ्टवेअरमध्ये ४४,१०० हर्ट्झ ठेवा, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलपर्यंतच जाऊ द्या. खरखर काढताना गाणं सुरू होण्याआधीचा एक-दोन सेकंदांचा रिकामा भाग नमुना म्हणून द्या आणि ६ ते ९ डेसिबलवर थांबा. १२ च्या पुढे गेलात की तानपुरा पाण्याखाली वाजायला लागतो.

६० मिनिटांची कॅसेट वेव्हमध्ये (न दाबलेल्या फाईलीत) ६०० एमबीच्या थोडी वर जाते. फ्लॅक करून ठेवा.

झांजपथक

दोन्ही बाजू एका फाईलीत ठेवायच्या की वेगळ्या?

टेपडेक

वेगळ्या. बाजू पलटली की हेडचा कोन किंचित बदलतो, तेव्हा दुसरी बाजू सुरू करण्यापूर्वी हेडशेजारचा स्क्रू पुन्हा जुळवा. आवाज मोनोत (दोन्ही वाहिन्या एकत्र करून) ऐकत, झांजा सगळ्यात लख्ख ऐकू येतील तिथे थांबा.