जिवाला धोका नाही, पण रिक्षातही बसवत नाही: अशा रुग्णासाठी रुग्णवाहिका केव्हा बोलवावी?

प्रश्न: पेठेतली सून (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

नमस्कार. आमच्या घरात दोन वयस्कर माणसे आहेत. सासरे अर्धांगवायूनंतर अंथरुणाला खिळून आहेत. लघवीची नळी बदलण्यासाठी आणि पाठीवरच्या जखमेच्या ड्रेसिंगसाठी त्यांना अधूनमधून दवाखान्यात न्यावे लागते. सासूबाई हिंडत्या-फिरत्या आहेत, परंतु त्यांना मधुमेह आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, आणि त्या न्हाणीत घसरून पडतील ही धास्ती आम्हाला कायम असते. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि बोळ इतका अरुंद आहे की चारचाकी दारापर्यंत येत नाही.

रुग्णवाहिकेवरून आमच्या घरात दोन मते आहेत. यजमानांच्या मते १०८ ही सरकारची मोफत सेवा असल्यामुळे सासऱ्यांच्या दवाखान्याच्या फेरीलाही ती बोलवायला हरकत नसावी. दिरांच्या मते ती केवळ रस्त्यावरचे अपघात आणि हृदयविकाराचे झटके यांसाठी आहे, बाकी सगळ्याला रिक्षा पुरते. जिवाला तत्काळ धोका दिसत नसेल, तेव्हा रुग्णवाहिका बोलवायची की नाही हे घरच्यांनी कशावरून ठरवावे, आणि १०८ नको असेल तर दुसरी कोणती गाडी मागवावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: माजी वैद्यकीय अधिकारी, रुग्णवाहिका सेवा

ताई, आपल्या यजमानांचे आणि दिरांचे म्हणणे प्रत्येकी अर्धे बरोबर आहे. दोघेही दुखणे किती गंभीर आहे एवढेच पाहत आहेत. गाडी ठरवताना मात्र रुग्ण वाटेत बसून राहू शकेल का, आणि वाटेत त्याची प्रकृती बिघडली तर गाडीत कोणी काही करू शकेल का, हे अधिक महत्त्वाचे असते.

पडल्यानंतर मनगट मोडले आणि पडल्यानंतर खुबा मोडला, या दोन प्रसंगांची तुलना करून पाहा. मोडलेले मनगट वाकडे दिसते, सुजते, रुग्ण कळवळतो आणि घरात आरडाओरडा होतो. तरीही घडी केलेल्या वर्तमानपत्राचा आधार देऊन हात ओढणीच्या झोळीत घातला, की तो रुग्ण रिक्षातून व्यवस्थित जातो. खुबा मोडलेली वृद्ध स्त्री अनेकदा अगदी शांत पडून असते, ‘काही नाही, थोडे दुखते आहे’ असे म्हणते, आणि बाहेर रक्ताचा थेंबही दिसत नाही. पण तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असेल आणि तिला टाच अंथरुणावरून उचलता येत नसेल, तर तिला उभे करू नये, खुर्चीत बसवू नये आणि रिक्षात तर मुळीच कोंबू नये. तिला आडवेच न्यावे लागते. हा रुग्ण त्या घटकेला अत्यवस्थ नसला, तरी त्याच्यासाठी १०८ ला फोन करणे पूर्णपणे योग्य आहे. आमच्याकडे असे फोन फार संकोचाने येत, आणि पुष्कळदा तीन माणसांनी उभे करून चालवण्याचा प्रयत्न करून झाल्यानंतर येत.

आपल्या सासूबाईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर जखम दिसत नसली तरीही त्याच दिवशी रुग्णालयात दाखवणे आवश्यक असते, कारण कवटीच्या आत सावकाश रक्तस्राव होऊ शकतो. त्या नीट बोलत आणि बसत असतील, तर रिक्षाने किंवा मोटारीने जाता येईल. पण गुंगी, पुन्हापुन्हा उलटी, असंबद्ध बोलणे किंवा वाढत जाणारी डोकेदुखी, यांपैकी काहीही असेल तर १०८.

जिथे विचार करत बसूच नये अशी लक्षणे आपण ऐकली असतीलच: छातीत दाब आणि घाम, एक वाक्यही पुरे करता येऊ नये इतकी धाप, तोंड एका बाजूला वाकडे होणे, हात लुळा पडणे, शुद्ध हरपणे, पाच मिनिटांनंतरही न थांबणारी आकडी, दाबून धरूनही न थांबणारा रक्तस्राव, विषबाधा. पक्षाघातात मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो, म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणण्याची त्यात सोय नाही.

याउलट कुत्रा चावणे हे दुखणे धोकादायक असले तरी रुग्णवाहिकेचे नव्हे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि रिक्षाने जाऊन लस सुरू करावी. पायात खिळा घुसणे, स्वयंपाकघरात हात थोडासा भाजणे, घोटा मुरगळणे, दोन दिवसांचा ताप, हे सगळे त्याच वर्गात येते.

आता सासऱ्यांविषयी. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांतील २३३ गाड्या प्रगत जीवनरक्षक सामग्रीच्या होत्या आणि उरलेल्या ७०४ प्राथमिक सामग्रीच्या. गाडीत डॉक्टर असणे हे या सेवेचे वैशिष्ट्य आहे. नळी बदलण्याच्या ठरलेल्या फेरीत अशी गाडी गुंतली, तर तेवढा वेळ त्या भागातील एक डॉक्टरही गुंतून पडतो. त्यामुळे ठरवून करायच्या फेऱ्यांसाठी १०८ मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र नळी अचानक बंद पडून ओटीपोट फुगले आहे, थंडी वाजून ताप भरला आहे आणि सासरे गुंगीत आहेत, असे झाले तर ती ठरलेली फेरी राहत नाही. तेव्हा नि:संकोच फोन करा.

उत्तर: निवृत्त परिचारिका (कसबा बावडा)

डॉक्टरांनी सांगितलेल्यात एका गोष्टीची भर घालते. मधुमेहाच्या रुग्णाला अचानक घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले, तर घरचे घाबरून आधी गाडी शोधतात. घरात ग्लुकोमीटर असेल तर आधी रक्तातील साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बहुतेक वेळा माणूस तेवढ्याने सावरतो. पण शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तेव्हा १०८ लाच बोलवावे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर साखर एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून बरे वाटले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. साखर फार उतरल्यावर पक्षाघातासारखी लक्षणेही दिसतात. साखर व्यवस्थित असून तोंड वाकडे असेल, तर मात्र एक क्षणही घालवू नये.

दुसरी गोष्ट जिन्याची. पेठेत तालमीची मुले एका हाकेत धावून येतात, हे आपले भाग्यच आहे. परंतु ही मुले उत्साहाच्या भरात रुग्णाला काखेत हात घालून उचलतात, आणि मोडलेल्या खुब्याला त्याने फार इजा होते. दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून पाय एकत्र सैलसर बांधावेत, रुग्णाला जाड सतरंजीवर सरकवावे आणि सहा जणांनी कडा गुंडाळून धरून सावकाश उतरवावे. गाडीतील कर्मचारी स्ट्रेचर घेऊन वर येणार असतील, तर त्यांचीच वाट पाहणे उत्तम. तोवर शेजारच्यांनी आणलेला चहा आणि बिस्किटे रुग्णाला देऊ नयेत, कारण शस्त्रक्रिया ठरली तर पोट रिकामे असणे सोयीचे असते.

उत्तर: गगनबावडेकर

वरील सर्व सल्ला शहरासाठी योग्य आहे. आमच्याकडे मात्र अंतर हाच मोठा आजार आहे. गगनबावड्यापासून कोल्हापूर सुमारे ५५ किलोमीटर, आणि पावसाळ्यात मांडुकलीजवळ पाणी रस्त्यावर आले की तोही मार्ग बंद होतो. शहरात ‘उद्या सकाळी दाखवू’ म्हणता येईल असा ताप किंवा जुलाब असलेले लहान मूल, जुलैच्या रात्री आम्ही घरात ठेवत नाही, कारण सकाळी रस्ता असेलच असे नाही. त्यामुळे रुग्ण बसू शकतो का, या कसोटीत आम्हाला रस्ता उद्या चालू राहील का, हेही धरावे लागते.

सर्पदंशाविषयीही लिहितो. शेतात घोणस किंवा फुरसे चावल्यावर गाडीची वाट पाहत बसण्यापेक्षा, रुग्णाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून, चावलेला हात किंवा पाय न हलवता, प्रतिसर्पविष असलेल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात नेणे आमच्या भागात अनेकदा लवकर होते. १०८ ला फोन करायचाच, पण फोन करून उंबऱ्यावर बसून राहायचे, हे मला पटत नाही.

उत्तर: माजी वैद्यकीय अधिकारी, रुग्णवाहिका सेवा

गगनबावडेकरांशी मी सहमत आहे. फोन आधी करावा, गाडी कुठे आहे आणि किती वेळ लागेल हे विचारावे, आणि दारात वाहन असून रुग्ण बसू शकत असेल तर निघावे. गाडी वाटेत कोठे भेटेल हेही त्याच फोनवर ठरवता येते. अपवाद छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा: तो बसू शकतो, बोलू शकतो, आणि पुष्कळदा स्वतःच गाडी चालवत निघतो. हे कधीही होऊ देऊ नये. सर्पदंशात वर आवळून दोरी बांधू नये आणि जखम कापू नये, हे येथे पुन्हा सांगतो, कारण अजूनही दोरी बांधलेले रुग्ण येतात.

पुढचा प्रश्न: पेठेतली सून

सर्वांचे मनापासून आभार. सासऱ्यांच्या ठरलेल्या फेरीसाठी खासगी रुग्णवाहिका घ्यायची, तर आधी काय विचारावे? आणि नणंद बाळंतपणासाठी माहेरी येणार आहे, तिच्यासाठी १०८ की १०२?

उत्तर: निवृत्त परिचारिका (कसबा बावडा)

बाळंतपणासाठी १०२. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, म्हणजे २०११ पासून, गर्भवतीला घरून सरकारी रुग्णालयात नेणे, गरज पडल्यास वरच्या रुग्णालयात हलवणे आणि प्रसूतीनंतर घरी सोडणे मोफत आहे. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळालाही ही सोय मिळते. कळा नियमित सुरू झाल्या, बाकी सर्व ठीक आहे, तर १०२ पुरते. रक्तस्राव, आकडी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काही असेल तर १०८.

उत्तर: शाहूपुरीतील वाचक

आमच्या घरी डायलिसिसचा रुग्ण आहे, म्हणून खासगी गाडीबद्दल सांगू शकतो. आपल्याला ऑक्सिजन आणि मॉनिटर असलेली महागडी गाडी नको, केवळ रुग्ण वाहून नेणारी साधी गाडी हवी, हे फोनवर स्पष्ट सांगावे. नाहीतर मोठीच गाडी येते आणि बिलही तिचेच होते. परिवहन विभागाने ठरवलेल्या दरानेच भाडे घेणार का, परतीचे आणि थांबण्याचे पैसे वेगळे आहेत का, आणि दुसऱ्या मजल्यावरून उतरवण्यासाठी चालकाबरोबर माणूस येणार का, हे आधी विचारावे. माणूस नसेल तर सतरंजी धरायची सोय आपल्यालाच करावी लागते. शक्य असल्यास दवाखान्याची वेळ दुपारची घ्यावी. महाद्वार रोडवर मिरवणूक असेल किंवा नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असेल, त्या दिवशी पेठेतून गाडी बाहेर काढणे कठीण जाते. आणि नळी व ड्रेसिंगसाठी प्रशिक्षित परिचारिका घरी येऊ शकते का, हे आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून पाहा. आमच्याकडे एका नातेवाइकाच्या बाबतीत त्यामुळे गाडीची गरजच बरीच कमी झाली.