मदत हवी आहे : बाळंतपण घरी की हॉस्पिटलात? (नेदरलँड्स)

निशिगंध_आइंडहोवन
पटकन उत्तर हवंय, मंगळवारपर्यंत कळवायचं आहे. ३४वा आठवडा चालू. इथे सगळं फरलोसकुंडिग बघते (आपली सुईणच, पण चार वर्षं कॉलेजात शिकलेली), डॉक्टरचं तोंडही अजून पाहिलेलं नाही. ती म्हणते सगळं ठीक आहे, हवं तर घरी होऊ दे. मलाही घरीच हवंय. नवरा म्हणतो, वेड लागलंय का. सासूबाई पुढच्या आठवड्यात साताऱ्याहून येताहेत, त्यांना अजून सांगितलेलंच नाही. कुणी घरी केलंय का? आणि पलंगाखाली घालायचे ठोकळे कुठे मिळतात? कृपया घाबरवू नका.

खडूस_मावशी
पहिलं की दुसरं? कितवा मजला? हॉस्पिटल किती लांब? काहीच न सांगता काय सल्ला देणार, कपाळ?

खारीबिस्किट
मी आम्स्टलफेनला घरीच, २०१९. फार छान अनुभव. स्वतःची गादी, स्वतःचा चहा, तीन तासांनी स्वतःच्या न्हाणीघरात आंघोळ. ठोकळे थाउसझोर्गच्या (घरी शुश्रूषेसाठी लागणाऱ्या सामानाच्या) दुकानात भाड्याने मिळतात. पलंग जमिनीपासून साधारण ८० सेंमी वर यायला हवा. आमचा इतका उंच झाला की नवरा रात्री पाण्याला उठला आणि धाडकन खाली. विमावाल्यांकडून क्रामपाकेट (बाळंतपणाच्या सामानाचा खोका) मागवलंस का? त्यात नाळेचा चिमटासुद्धा असतो.

पेठेतला_पक्या
एवढं शिकून परदेशात जायचं आणि बाळंतपण घरी! आमच्या आजीची अकरा बाळंतपणं घरी झाली.

काळा_चहा
@पक्या, आणि जगली किती?

पेठेतला_पक्या
सात. तेच तर म्हणतोय.

काळा_चहा
आजीच्या सुईणीकडे ऑक्सिजन, सलाईन आणि रक्त थांबवायचं इंजेक्शन नव्हतं, फोन केला की अँब्युलन्सही येत नव्हती. तुलनाच चुकीची. धागाकर्ती, आकडे घ्या. इंग्लंडमधला २०११चा बर्थप्लेस अभ्यास, ६४ हजारांवर बायका, सगळ्या कमी जोखमीच्या. घरी ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी १००तल्या ४५ जणींना हॉस्पिटलात हलवावं लागलं, आणि बाळाला गंभीर त्रास हजारी ९.३, हॉस्पिटलात ठरवलेल्यांत ५.३. म्हणजे पहिलं असेल तर मी तरी घरी नाही म्हणेन.

पेठेतला_पक्या
म्हणजे माझंच बरोबर.

काळा_चहा
नाही. हॉस्पिटल म्हटलं की सगळं आलबेल असंही नाही. आपल्याकडे एनएफएचएस-५मध्ये (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१) खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियन, सरकारीत १४.३. सगळ्या अडलेल्या बायका नेमक्या खासगीतच जातात का?

दुपारची_झोप
जन्माची नोंद तीन दिवसांत खेमेन्तेत (नगरपालिकेत) करावी लागते बरं का. भारतीय पासपोर्टसाठी हेगच्या दूतावासात जन्मनोंदणी एका वर्षाच्या आत. बाळाचा फोटो पांढऱ्या चादरीवर झोपवून काढा, आम्ही तीनदा काढला.

खडूस_मावशी
तिने पासपोर्ट विचारला नव्हता हो.

वरणभात_वर_तूप
अवांतर : साताऱ्याहून येताहेत तर अळीव आणि डिंक आणायला सांग. लाडू तिकडेच वळून आणू नका म्हणावं, तूप-दूध असलेलं काही युरोपात आणू देत नाहीत. आमचा दीड किलोचा डबा स्किपोलवर गेला.

निशिगंध_आइंडहोवन
अहो किती फाटे! दुसरं आहे, मोठा पाच वर्षांचा. पहिलं पुण्यात, नॉर्मल, सहा तासांत. तिसरा मजला, लिफ्ट नाही. हॉस्पिटल गाडीने १५ मिनिटं. मला फक्त अनुभव हवेत.

काळा_चहा
हे आधी सांगायचं ना! दुसरेपणाला चित्र वेगळं. त्याच अभ्यासात १००तल्या १२ जणींनाच हलवावं लागलं, आणि बाळांच्या बाबतीत घर-हॉस्पिटल असा फरक दिसला नाही.

खारीबिस्किट
मग झालं. घरीच!

कडूकारलं
थांबा जरा. मी बारा वर्षं प्रसूती वॉर्डात नर्स होते. निशिगंध, पहिल्या वेळी वार आपोआप पडली होती का? रक्त चढवलं होतं?

निशिगंध_आइंडहोवन
वार अडकली होती. थिएटरात नेऊन भूल दिली आणि काढली. दोन पिशव्या रक्त लागलं. पण डिलिव्हरी नॉर्मलच होती ना! इथे मागच्या वेळचं विचारलं तेव्हा मी 'नॉर्मल' सांगितलं. डिस्चार्ज कार्ड पुण्याला, आईच्या कपाटात.

कडूकारलं
अगं बाई, नॉर्मल म्हणजे बाळ खालून आलं एवढंच. एकदा अडकलेली वार पुन्हा अडकू शकते. घरी तुझी सुईण इंजेक्शन देईल, सलाईन लावेल, पण हात घालून वार काढायला भूल आणि थिएटर लागतं. रक्त जात असताना तुला स्ट्रेचरवर तीन जिने उतरवायचं? तिथले जिने मी बहिणीकडे पाहिलेत, रिकाम्या हाताने उतरताना कठडा धरते. तुझ्या बाईला हे माहीत असतं तर ती घरी म्हणालीच नसती. उद्या सकाळी फोन कर. आईला कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवायला सांग.

खारीबिस्किट
बापरे. माझं 'घरीच' मागे घेते. निशिगंध, हॉस्पिटल म्हणजे फरलोसकुंडिग सुटली असं नाही, ती तिथेही येऊ शकते, विचार. वैद्यकीय कारण असेल तर विम्याचा आयखन बायड्राखही (आपल्या खिशातून भरायचा वाटा) पडत नाही.

पेठेतला_पक्या
मी पहिल्यापासून हेच सांगत होतो.

काळा_चहा
तुम्ही आजी सांगत होतात.

निशिगंध_आइंडहोवन
फोन झाला. तिने दोनदा विचारलं, 'दोन पिशव्या?' कार्डावर रक्त १२०० मिली गेल्याचं लिहिलंय, मी आज पहिल्यांदा वाचलं. हॉस्पिटल ठरलं. ती गायनॅकशी बोलणार आहे, त्यांनी हो म्हटलं तर बाळंतपणाला तीच असेल. वाईट वाटलं थोडं, मोठ्याला बाजूच्या खोलीतून बाळ दाखवायचं होतं. @कडूकारलं, ताई, काय बोलू. आता त्या ठोकळ्यांचं बुकिंग रद्द करते.

खारीबिस्किट
करू नकोस! हॉस्पिटलातून घरी आलीस की क्रामझोर्गवाली (घरी येऊन बाळ-बाळंतिणीचं बघणारी) आठवडाभर येणार, तिच्या पाठीसाठी पलंग उंच लागतोच. नवऱ्याला तेवढं रात्री बघून उतर म्हणावं.