अनुभव धागा: शाळेतल्या मावशी, मामा, सिस्टर आणि त्यांचा सत्कार

माझी आई देवगडजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत पोषण आहार शिजवते. गेल्या वर्षी तिला पहिल्यांदा शाल, श्रीफळ आणि सन्मानपत्र मिळालं. ते तिने देवघराशेजारी लावलंय. 'उल्लेखनीय कामगिरीबद्दल' एवढंच त्यावर छापलंय. आई म्हणाली, "खयची कामगिरी, ता काय लिवल्यानी नाय." त्या दिवशी तिचं तीन महिन्यांचं मानधन थकलेलं होतं.

पट 25 पर्यंत असला की स्वयंपाकी एकच. म्हणजे चूल, भांडी, पाणी सगळं तिच्याच अंगावर. पाचवीपर्यंतच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ, सहावीपासून 150. ते मोजमाप तिला तोंडपाठ आहे. 2023 मध्ये मानधन 1500 चं 2500 झालं, तेही वर्षातले दहाच महिने.

शिक्षकांना राष्ट्रीय पुरस्कार 1958 पासून आहे, परिचारिकांना फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाचा 1973 पासून. माझी मामेबहीण अमेरिकेत शाळेत समुपदेशक आहे. तिकडे फेब्रुवारीचा पहिला पूर्ण आठवडा शाळा-समुपदेशकांचा मानतात, आणि शाळेतल्या नर्सचाही वेगळा दिवस आहे. ती सांगते, आपल्या कामाचं नाव घेतलं की बरं वाटतंच. पण एका समुपदेशकामागे 250 मुलं असावीत ही त्यांच्या संघटनेची शिफारस बहुतेक राज्यांत अजून पाळली जात नाही.

तुमच्या शाळेतल्या अशा माणसांबद्दल लिहा. शाळेचं, माणसाचं नाव नको. काम काय ते मात्र नेमकं लिहा.

राजापूर तालुका, शाळा आरोग्य तपासणी पथकातली नर्स

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आला, तेव्हापासून मी पथकात आहे. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि मी. शाळा वर्षातून एकदा, अंगणवाडी दोनदा. खाडीपलीकडच्या वाड्यांना होडीने जातो. वजनकाटा मांडीवर धरून बसते, कारण खारं पाणी लागलं की तो बिघडतो.

एका शाळेत चौथीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत पायरीवर बसलेली दिसली. बाई म्हणाल्या, "ती तशीच आहे हो, आळशी." नखं मला निळसर वाटली. मी पथकातल्या डॉक्टर मॅडमना सांगितलं, त्यांनी स्टेथोस्कोप लावला आणि दुसऱ्यांदा लावला. हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. आजी मुंबईला पाठवायला तयार नव्हती. चार वेळा घरी गेले. चौथ्या खेपेला औषधाचं काही बोललेच नाही, आजीबरोबर आमसुलं वाळत घातली. जाताना तीच म्हणाली, "कधी निघायचं ते सांगा." ऑपरेशन मोफत झालं. दोन वर्षांनी त्याच अंगणात ती लंगडी खेळत होती. मी वजन घ्यायचं सोडून बघत उभी राहिले.

12 मेला परिचारिका दिनाला आम्हाला तालुक्याला बोलावून फूल देतात, भाषण होतं. मला ते आवडतं, खोटं कशाला सांगू. पण मे महिन्यात शाळा बंद असतात, आणि ज्या मुलांसाठी मी फिरते त्यांना हे कळतच नाही. शिवाय इतक्या वर्षांनंतरही दरवर्षी नेमणुकीच्या नव्या ऑर्डरची वाट बघावी लागते.

दापोली, माजी विद्यार्थी

3 जून 2020 ला निसर्ग वादळात आमच्या हायस्कूलचे पत्रे उडाले. शिपाईमामांच्या स्वतःच्या घराची कौलं गेली होती, तरी ते आधी शाळेत गेले. जनरल रजिस्टरं ताडपत्रीत गुंडाळून त्यांनी लोखंडी कपाटात ठेवली. आमच्या वडिलांच्या पिढीचेही दाखले आज मिळतात ते त्यामुळे. पुढच्या 26 जानेवारीला मुख्याध्यापकांनी ध्वजारोहण मामांच्या हातून केलं. शाल नाही, कागद नाही. पण का, ते माईकवरून सगळ्या गावाला सांगितलं. मी पाहिलेला सगळ्यात खरा सत्कार तो.

मामा निवृत्त झाले. डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांत शिपायाचं पद रिकामं झालं की ते न भरता शाळेला ठोक भत्ता देतात. आता घंटा दहावीची मुलं देतात.

सावंतवाडीकडून, समुपदेशक

माझी खोली म्हणजे खेळाच्या सामानाची खोली. आठवड्यातून एक दिवस, तीन शाळा आळीपाळीने. कोकण विभाग दहावीच्या निकालात राज्यात पुन्हा पुन्हा पहिला येतो, त्याचा सगळ्यांना अभिमान. मलाही आहे. पण जिथे जवळजवळ सगळेच पास होतात तिथे नापास झालेला मुलगा फार एकटा पडतो. असा एक मुलगा निकालानंतर आठ दिवस बापाबरोबर होडीवर गेला नाही, कारण बंदरावर सगळे विचारतील. त्याला बोलतं करायला तीन दुपारी गेल्या. पहिल्या दुपारी आम्ही फक्त कॅरम खेळलो. अशा दुपारची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही, तेव्हा त्यासाठी कुणी सत्कार करील कसा? मला शाल नको, दार लागेल अशी खोली हवी.

गुहागर, लिपिक

शाल नको म्हणता, पण सत्काराला फुकटचा म्हणू नका. 28 वर्षं पगारबिलं, यू-डायस (शाळेची सरकारी आकडेवारी), शिष्यवृत्तीचे अर्ज केले. एकदाच स्टेजवर नाव घेऊन बोलावलं, तर माझी मुलगी खाली बसून रडली.

पुन्हा मी, देवगड

हे सगळं काल रात्री आईला वाचून दाखवलं. लिपिकभाऊंचं दोनदा वाचायला लावलं. नर्सताईंचं संपल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलंन, "त्या चेडवाक आता भूक बरी लागता मा?"

ताई, कळवाल का?