अनुभव धागा: एका देशातून दुसऱ्या देशात, बसने आणि रेल्वेने

हरभटरोडकर, सांगली

येत्या हिवाळ्यात मी आणि माझा मित्र थायलंड, लाओस, व्हिएतनाम अशी फेरी बस आणि रेल्वेने करायची म्हणतोय. काय बघायचं याची यादी नको, ती कुठेही मिळते. मला हवंय ते मधलं. एका देशाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते तिथं तुमचं काय झालं? कोणता कागद मागितला, पलीकडे गाडी उभी होती का, रात्र कुठे काढली? नेपाळ, युरोप, मध्य आशिया, कुठलाही अनुभव चालेल. अट एकच, सार्वजनिक वाहन. टूर कंपनीबरोबर गेलेल्यांनी वेगळा धागा काढावा, तिथंही येऊन वाचेन.

आमची तयारी कुठवर आलीय ते सांगतो. कॅलेंडरची जुनी पानं उलटी करून भिंतीला लावलीत. आधी त्यावर शहरं होती आणि शहराशहरांत बाण. मित्र ट्रान्सपोर्टमध्ये आहे, बेदाण्याच्या गाड्या लावतो. त्यानं शहरं पुसली आणि नुसते सीमेवरचे नाके लिहिले. म्हणाला, गाडी अडकते ती नाक्यावर, शहरात कोण अडवतंय. आता आधी नाका, मग त्या नाक्यावर सकाळी पोचायचं तर आदल्या रात्री कुठं असायला हवं, असं मागे मागे येतोय. पटतंय का सांगा.

डबलबेल, सातारा

पटतंय. एसटीत वाहक होतो, निवृत्त झालो. सौभाग्यवतींना घेऊन नेपाळ आणि भूतान केलं, सगळं बस-रेल्वेनं.

साताऱ्याहून पुणे, पुण्याहून गोरखपूरची आठवड्याची गाडी. गोरखपूर स्टेशनबाहेरूनच सोनौलीच्या बस सुटतात, तीनेक तासांचा रस्ता. सोनौलीला कमान आहे, तिच्याखालून लोक पिशव्या घेऊन चालत जातात-येतात. आपल्याला व्हिसा नाही, पासपोर्टही लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. नुसत्या आधारवर विसंबू नका. पलीकडे बेलहिया, तिथून भैरहवा, आणि भैरहव्याहून पोखरा, काठमांडूच्या गाड्या.

दुकानात भाव विचारला की तो आधी विचारतो, आयसी की एनसी? म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. शंभराला एकशे साठ हा दर बांधलेला आहे, त्यामुळं हिशेब सोपा, पण कुठल्या पैशात बोलणं चाललंय ते आधी ठरवून घ्या. शंभरच्या नोटांची गड्डी जवळ असली की अडत नाही.

आता माझ्या धंद्याचं. तिकडं वाहकाला खलासी म्हणतात. पोरगा दारात उभा असतो आणि गाडीच्या पत्र्यावर हातानं थापा मारतो. त्या थापांवर चालक गाडी थांबवतो, सोडतो, मागं घेतो. आपल्याकडं एक घंटी थांब, दोन घंट्या चल. त्या पोराकडं डोंगरातल्या अरुंद वळणावर, समोर ट्रक आला असताना, टायर कड्यापासून किती लांब आहे हे सांगायचीसुद्धा थाप होती. मी पूर्ण रस्ता त्याच्या हाताकडं बघत बसलो. सौ. म्हणाली, बाहेर हिमालय दिसतोय आणि तुम्ही पत्रा बघताय.

रात्रीची गाडी घेऊ नका आणि पावसाळ्यात तर जाऊच नका. जुलै २०२४ मध्ये नारायणघाट ते मुगलिंग रस्त्यावर दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत गेल्या. आम्ही त्याच रस्त्यानं गेलो, पण कार्तिकात आणि उजेडात.

काठमांडूहून पूर्वेला काकडभिट्टा. मेची नदीचा पूल ओलांडला की आपलं पानीटंकी, तिथून सिलीगुडी, सिलीगुडीहून जयगाव. जयगाव आणि भूतानचं फुंत्शोलिंग यांच्यात एक भिंत आणि एक दरवाजा. इकडं हॉर्न, तिकडं शांतता. भूतानात भारतीयांना परवाना लागतो आणि माणशी रोज रात्रीचे १२०० रुपये सरकारी शुल्क आहे, ते हॉटेलच्या पैशांशिवाय वेगळं. त्यामुळं तिथं मुक्काम मोजूनच करा. आणि घड्याळ सांभाळा. नेपाळ आपल्यापुढं पाव तास, भूतान अर्धा तास. एकदा का गाडी चुकली की मग थांब्यावर बसा.

मुद्दा एवढाच, की मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री थांबून सकाळी निघणारी, कुठून सुटते ते शोधा. कुठल्याही देशात नाक्यापलीकडच्या गाड्या सकाळी भरभरून असतात आणि दुपारनंतर टॅक्सीवाल्यांचं राज्य सुरू होतं.

पेठभाग

काका, एवढी धडपड करण्यापेक्षा विमान स्वस्त पडलं नसतं का? प्रामाणिक प्रश्न आहे.

डबलबेल, सातारा

पडलं असतं कदाचित. पण विमानात पत्र्यावर कोण थापा मारणार?

यवतेश्वर, सातारा

हरभटरोडकर, तुमचाच मार्ग मी उलटसुलट करून आलेय, एकटी. सविस्तर लिहिते.

बँकॉकहून रात्रीच्या रेल्वेनं नोंग खाई, म्हणजे लाओसच्या सीमेवरचं थायलंडचं गाव. शयनयान डब्यात खालचा बर्थ घ्या, तो रुंद असतो आणि खिडकी मिळते. आता बँकॉकहून थेट लाओसची राजधानी व्हिएन्टियानपर्यंत गाडी जाते, २०२४ पासून. मी मात्र नोंग खाईला उतरून टुकटुकनं मैत्रीपुलापर्यंत गेले. थायलंडचा शिक्का घेतला की पुलावरून शटल बसनं पलीकडे. चालत पूल ओलांडू देत नाहीत. लाओसचा व्हिसा तिथंच खिडकीवर. फोटो आणि डॉलर जवळ हवेत. नोटा कोऱ्या हव्यात, कोपरा दुमडलेली, शाई लागलेली नोट परत करतात. माझ्यापुढच्या माणसाची एक नोट त्यांनी उजेडात धरून तीन-तीनदा बघितली आणि परत दिली.

लाओसमध्ये चीनच्या सीमेपर्यंत नवी रेल्वे झालीय, डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. व्हिएन्टियानहून लुआंग प्रबांगला बसनं अख्खा दिवस जायचा, आता दोन तासांत पोचतो. पण स्टेशनं गावाबाहेर लांब आहेत, आणि आत जाताना सामान विमानतळासारखं तपासतात. स्प्रेचे डबे काढून घेतात. डिओ, डासांचा स्प्रे, सगळं. मला हे आधी कळलं होतं म्हणून ओडोमॉस ट्यूबमधलं नेलं होतं.

आता खरा नाका. व्हिएन्टियान ते हनोई थेट बस आहे, चोवीस तासांच्या आसपास. संध्याकाळी निघते आणि काउ त्रेओच्या सीमेवर पहाटेच्या अंधारात जाऊन उभी राहते. सीमा सकाळी उघडते. तोवर गाडी बंद, एसी बंद, बाहेर डोंगरातलं धुकं आणि थंडी. जॅकेट डिकीत टाकू नका, वर घ्या. उघडल्यावर सगळे उतरून चालत जातात, दोन इमारतींमध्ये बरंच अंतर आहे, आणि पलीकडे आपली बस ओळखायची. मी निघतानाच बसच्या नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवते, ती सवय तिथं कामाला आली. सारख्या रंगाच्या बस ओळीनं उभ्या होत्या.

व्हिएतनामच्या ई-व्हिसाच्या अर्जात तुम्ही कुठल्या नाक्यावरून आत येणार ते लिहावं लागतं. म्हणून तुमच्या मित्राची पद्धत बरोबर आहे. नाका ठरल्याशिवाय तो अर्जच भरता येत नाही. एकदा आत येण्याचा व्हिसा २५ डॉलर, ९० दिवसांपर्यंत मिळतो.

एकट्या जाणाऱ्या मुलींसाठी: लाओसच्या काही स्लीपर बसमध्ये बर्थ दोघांचा असतो आणि शेजारी कोण येईल सांगता येत नाही. तिकीट काढतानाच शेजारी बाई हवी म्हणून सांगा, नाहीतर दोन जागांचे पैसे भरा. मी दोन जागा घेतल्या. घरच्यांना एवढं महागडं झोपणं पटलं नाही, मला पटलं. व्हिएतनामच्या स्लीपर बसमध्ये मात्र बर्थ एकेकाचा. चढताना बूट काढून पिशवीत घालायचे आणि ती पिशवी आपणच जवळ बाळगायची.

कंबोडिया तुमच्या यादीत नाही ते बरंय. २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर चकमकी झाल्या आणि दोघांमधले जमिनीवरचे नाके बंद झाले. कुणाला जायचं असेल तर व्हिएतनामकडून मोक बाईच्या नाक्यानं जाण्याचा विचार करा, आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा चौकशी करा.

कृष्णाघाट

सांगलीपासून बँकॉकपर्यंत सलग जमिनीवरून जाता येतं का हो? मणिपूरमधून रस्ता आहे म्हणतात.

मिरज_जंक्शन

रस्ता आहे, वाट नाही. मणिपूर-म्यानमार सीमेवरचा मोरे-तामू नाका २०१८ मध्ये प्रवाशांना खुला झाला होता. मग कोविड आला, २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता घेतली, आणि तिथून पर्यटक म्हणून पार जाणं संपलं. पश्चिमेला पाकिस्तानकडचा अटारी नाकाही २०२५ च्या एप्रिलपासून बंद. म्हणजे आपण नकाशावर जमिनीला जोडलेले, पण प्रवासाच्या हिशेबानं बेट. नेपाळ, भूतान आणि बांगलादेश सोडून कुठंही जायचं तर एकदा विमान किंवा बोट आलीच. कोलकात्याहून बँकॉकचं विमान घ्या आणि तिथून पुढं जमीन धरा, याला मी तरी फाऊल म्हणणार नाही.

बोट म्हणालो ती श्रीलंकेची. नागपट्टिनम ते कांकेसन्तुरै अशी प्रवासी फेरी २०२३ मध्ये सुरू झाली. आम्ही मिरजेहून रेल्वेनं चेन्नई, मग नागपट्टिनम असे गेलो. श्रीलंकेचं ऑनलाइन प्रवेशपत्र आधी काढलेलं असलं पाहिजे. समुद्र खवळला की फेरी रद्द होते, त्यामुळं पुढचं काहीही त्याच दिवसाचं बुक करू नका. आमची फेरी एक दिवस पुढं गेली. नागपट्टिनमला रिकाम्या दिवसात करण्यासारखं फार नाही, वेळंकन्नीला जाऊन आलो.

प्रीतिसंगम, कराड

आम्ही दोघं नवरा-बायको, कझाकस्तान, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान. कझाकस्तानला भारतीय पासपोर्टवर १४ दिवस व्हिसा लागत नाही, म्हणून सुरुवात तिथून. बाकी दोन्हींचे ई-व्हिसा घरबसल्या. किर्गिझस्तानचा ई-व्हिसा ठरावीक नाक्यांवरच चालतो, यादी बघूनच मार्ग आखावा लागतो. इथंही पुन्हा तेच, आधी नाका.

कझाकस्तानातल्या अल्माटीहून किर्गिझस्तानच्या बिश्केकला मार्शरुत्का जातात, म्हणजे आपल्या वडापसारखंच, भरली की सुटली. कोरदायच्या नाक्यावर सगळे सामानासकट उतरतात. स्थानिक लोक ओळखपत्र दाखवून झटक्यात पलीकडे, आणि आपला निळा पासपोर्ट मात्र अधिकारी पहिल्या पानापासून वाचत बसतो. चालक सगळ्यांसाठी थांबेलच असं नाही. म्हणून पिशवी गाडीत ठेवायची नाही, कुणी कितीही राहू दे म्हणालं तरी. आमची गाडी थांबली होती, कारण शेजारच्या आजींनी चालकाला धरून ठेवलं होतं. आम्ही दिसल्यावर त्यांनी हिला जो दम दिला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण कराडच्या मंडईतली मावशी आठवली.

बिश्केक ते ओश शेअर टॅक्सी, दिवसभराचा घाट, तीन हजार मीटरच्या वर बोगदा आहे. बस त्या रस्त्यावर नव्हती, त्यामुळं धागाकर्त्यांनी ही टॅक्सी सार्वजनिक धरावी. ओशजवळ दोस्तुक नाका चालत ओलांडला की उझबेकिस्तान. तिथून अंदिजान आणि अंदिजानहून ताश्कंदची रेल्वे. वाटेत कामचिक खिंडीखालून १९ किलोमीटरचा बोगदा लागतो, २०१६ मध्ये झाला. ताश्कंद-समरकंद अफ्रोसियाब ही जलद गाडी आधी भरते, तिचं तिकीट पहिलं काढा.

शाकाहारी असाल तर हाल आहेत, खोटं सांगत नाही. भाकरीएवढ्या गोल नान, टोमॅटो-काकडीचं सॅलड, दही आणि फळं. हिनं शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट नेलं होतं. समरकंदच्या वसतिगृहात एका कोरियन मुलानं आमचं मेतकूट भातावर घालून संपवलं.

गुलमोहर_कॉलनी

युरोपबद्दल थोडक्यात. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, एकदा शिरलात की आतल्या सीमांवर बहुतेक वेळा काहीच होत नाही, त्यामुळं या धाग्यात सांगण्यासारखं कमी. सगळी लढाई अर्जातच. ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री, त्या देशाकडं अर्ज. फी ९० युरो, विमा ३०,००० युरोचा, आणि १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. वाटेल तिथं उतरू हा प्रकार कागदावर चालत नाही, रात्रीगणिक राहण्याची जागा दाखवावी लागते. रद्द करता येणारी बुकिंगं करा. युरेल पास (अनेक देशांच्या रेल्वेला चालणारा एकच पास) घ्यायचा तर लक्षात ठेवा, फ्रान्सच्या जलद गाड्यांना आरक्षणाचे पैसे वर पडतात. आम्ही पास घेतलाच नाही, बसनं फिरलो.

हरभटरोडकर, सांगली

भरभरून लिहिताय, आभार. यवतेश्वर ताई, एक विचारू? परत येताना व्हिएतनामहून बँकॉकला विमान आणि मग दक्षिणेकडं मलेशिया जोडावा असं मित्राच्या डोक्यात आलंय. तिकडचा नाका कसा आहे?

यवतेश्वर, सातारा

सगळ्यात सोपा. पाडांग बेसार. बँकॉकहून दुपारची गाडी रात्रभर चालून सकाळी तिथं पोचते, मी आधीच्या एका फेरीत केलंय. दोन्ही देशांच्या खिडक्या एकाच स्टेशनात आहेत. थायलंडचा शिक्का घ्या, काही पावलांवर मलेशियाचा. मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरून ठेवा, रांगेत उभं राहून फोनवर भरणारे मागेच राहतात. वरच्या मजल्यावर खानावळ आहे, रोटी चनाई मिळते, सोबत डाळ. फक्त पुढच्या क्वालालंपूर गाडीचं तिकीट काढताना वेळ बघा, मलेशिया थायलंडच्या तासभर पुढं आहे. तिकिटावर मलेशियाची वेळ छापलेली असते.

डबलबेल, सातारा

तासभर? मग सकाळचीच गाडी पकडा बरं का, पोरांनो.